पाटावरची मूठ

वयाची पंचविशी उलटल्यावर मी मोठा झालो, आणि तेही नई सडकेवरच्या एका बांगड्यांच्या दुकानाच्या माडीवर. हे लिहिताना आता मला संकोच वाटत नाही. माझ्या बरोबरीचे लोक आपल्या घडणीविषयी बोलू लागले की शाळा, मास्तर, परीक्षा यांच्याकडे वळतात. मी मागे पाहतो तेव्हा मला ती माडी दिसते, भिंतीकडे पाठ करून ओळीने बसवलेले जाडजूड मॉनिटर दिसतात, खालून बांगड्यांची किणकिण ऐकू येते, आणि त्या किणकिणीवर कुठल्यातरी संगणकातून चाललेला यांत्रिक करवतीचा घरघराट. ती करवत लाकूड कापत नसे. ती ज्या खेळात होती त्या खेळात लाकूड कापण्याचे काम कोणालाच नव्हते.

गुन्हेगारीच्या त्या खेळांची मालिका आजही चालू आहे. प्रत्येक भागात नवे शहर, मोकळे रस्ते, दुसऱ्याच्या गाड्या आणि एक नायक, ज्याला नायक म्हणताना माझ्या आईची जीभ अडखळत असे. माडीवर मी पोरांना तासाच्या भाड्याने संगणकावर खेळू देत असे, आणि तो खेळ तिथे आला तेव्हा मी एक नियम घातला होता: बंदूक चालवायची नाही. हा नियम ऐकून पुष्कळांनी माझ्या विचारसरणीचे कौतुक केले आणि मीही ते कौतुक मुकाट्याने स्वीकारले. खरी गोष्ट अशी की बंदूक चालली, स्फोट झाले, पोलिसांच्या गाड्या जमल्या की माझे जुने संगणक धापा टाकत जागीच थिजत. तत्त्व नव्हते, अडचण होती. माणसाच्या हातून घडलेल्या पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच अडचणीतून घडलेल्या असतात, आणि श्रेय घेताना त्याने आवाज थोडा खाली ठेवावा, एवढेच मी या वयात शिकलो आहे.

बंदूक गेल्यामुळे आमच्या माडीवर हातात धरून मारण्याच्या हत्यारांचे राज्य आले. खेळ सुरू होतो तेव्हा नायकाकडे काहीही नसते, नुसती मूठ असते. मग शहर हिंडता हिंडता एकेक वस्तू सापडत जाते. अवजारांच्या दुकानात हातोडा आणि स्क्रू पिळायचा पेचकस, कुठे बॅट, श्रीमंतांच्या क्लबात गोल्फची काठी, खाटकाचा सत्तूर, कोयत्यासारखे लांब पाते, आणि शोधणाऱ्याच्या नशिबात असेल तर जपानी तलवार. गोल्फचे मैदान आमच्याकडे येणाऱ्या पोरांपैकी कोणी पाहिलेले नव्हते, पण काठीची लांबी आणि तिला परत यायला लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ होता. सगळ्यांत लाडके हत्यार मात्र पोलिसाचा डंडा. तो पोलिसालाच पाडून मिळवावा लागे, आणि ज्याला मिळे तो खुर्चीत जरा ताठ बसे. एका वेळी यांतले एकच हातात राहते. दुसरे उचलले की पहिले सुटते. आणि पोलिसांनी धरले किंवा नायक इस्पितळात पोहोचला, तर बाहेर येताना त्याच्याजवळचे सगळे काढून घेतलेले असते. मूठ तेवढी राहते. ती टाकता येत नाही, हरवत नाही, जप्त होत नाही. तेव्हा मला ही त्या खेळाची एक क्षुल्लक सोय वाटत होती.

आमचे घर कंपूत, म्हणजे लष्कराच्या जुन्या छावणीच्या वस्तीत. आमचे पूर्वज दक्षिणेतून लष्कराबरोबर या हिंदी मुलखात आले आणि लष्कर थांबले तिथेच थांबले. पुढे लढाया संपल्या, पण आमच्या घराला ते कोणी नीटसे कळवले नसावे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, एका शाळेत कवायतीचे शिक्षक होते आणि निवृत्तीनंतरही संध्याकाळी मैदानावर लाठी आणि पट्टा शिकवत. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोळ आणि तिच्यापुढे लवलवणारे लांब पाते. तो मनगटाने फिरवता येत नाही, खांद्यापासून फिरवावा लागतो. मी आबांचा सगळ्यांत चांगला विद्यार्थी होतो, असे आई सांगत असे. आबांनी तसे कधी म्हटले नाही, आणि मी मैदान सोडून संगणकांच्या नादी लागलो तेव्हाही ते काही म्हणाले नाहीत. त्यांच्याजवळ एक शब्द होता, "बरं". त्याच्यात किती खोली आहे याचा अंदाज घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे पाट मांडला जाई. तो दिवस उगवायच्या आधीच घरात मोहरीच्या तेलाचा आणि राखेचा वास भरलेला असे. आबा पाती घासत आणि आई कडाकण्या तळत असे, कागदासारख्या पातळ, तोंडात घातल्या की आवाज करणाऱ्या. पाटावर मधोमध पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना धार गेलेल्या तलवारी, आणि पुढच्या रांगेत घरातल्या प्रत्येकाचे आपापले हत्यार. आईची विळी. माझी थोरली बहीण, सुमाताई, शिवणाचे वर्ग घेत असे, तिची कात्री. जे पाटावर गेले त्याला दुसऱ्या दिवशी दसऱ्याची शमी वाहीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. विळी पूजेत, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे वरण-भात आणि न चिरता शिजेल तेच. आणि ज्याच्याजवळ ठेवायला काही नाही, म्हणजे लहान मुले, त्याने आपली उजवी मूठ पाटावर टेकवायची. तिला कुंकू लागे, अक्षता पडत, आणि मग ती मूठही पूजेतली. तिने दुसऱ्या दिवसापर्यंत काही उचलायचे नाही, कोणाला मारायचे तर नाहीच. त्या संध्याकाळी मुलाला आई भरवत असे. मी पहिल्यांदा लाठी ठेवली त्या वर्षी आईच्या हातचा घास गेला, आणि मला केवढा अभिमान वाटला होता.

ज्या वर्षाविषयी मी सांगतो आहे त्या वर्षी अष्टमीला आम्ही जेवत होतो. आबांनी ताटावरून नजर न उचलता विचारले, "उद्या तुझं काय ठेवायचं?"

"लाठीच."

"शेवटची कधी धरली होतीस?"

मी आमटीत लक्ष घातले. ताई म्हणाली, "आबा, तो पेचकस ठेवेल. कंप्यूटर उघडायला लागतोच. पिढ्यांचा पट्टा, आणि त्याच्या शेजारी पेचकस. फोटो काढून ठेवू."

"पेचकसाला काही कमीपणा नाही," आबा म्हणाले. "पण ज्यानं रोजचं काम होतं ते ठेव. नसेल तर मूठ ठेव."

"अहो, एवढा घोडा मूठ ठेवणार का?" आई म्हणाली. "दर्शनाला लोकं येतात. काय म्हणतील?"

"तो काय करतो ते मला तर अजून समजलं नाही. म्हणून विचारलं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नव्हते, आणि तेच मला लागले. माडी सुरू झाल्यापासून ते एकदाही वर आले नव्हते. शेजाऱ्यांशी बोलताना ते माझ्या उद्योगाला "दुकान" म्हणत, कधी "ते कंप्यूटरचं" म्हणत. काम म्हणत नसत. मला त्यांच्याकडून पैसा नको होता, शाबासकीही नको होती. त्यांनी एकदा, एकदाच, माझ्या कामाला काम म्हणावे एवढीच माझी तहान होती. आणि कीबोर्ड पाटावर ठेवावा, तर दुसऱ्या दिवशी माडी बंद ठेवावी लागणार, आणि नेमकी नवमीलाच आमची स्पर्धा ठरलेली होती.

मी एक युक्ती काढली. तिचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला, म्हणून इथे ती पूर्ण सांगतो. या खेळात पुरेशी मजल मारली की नायकाच्या घरात हत्यारे फरशीवर मांडून ठेवलेली मिळतात, जो येईल त्याने उचलावीत अशी. नवमीच्या सकाळी मी आबांना म्हटले, "माझी पूजा दुकानात आहे," आणि त्यांचे "बरं" कानावर पडायच्या आत सायकल काढली. माडीवर जाऊन मधल्या संगणकावर ते घर उघडले, नायकाला दाराशी उभे केले. पडद्यावर तलवार, सत्तूर, बॅट, करवत, सगळे फरशीपासून वीतभर वर तरंगत होते. मी मॉनिटरला झेंडूची माळ घातली, काचेवर प्रत्येक हत्याराला कुंकवाचे बोट लावले, उदबत्ती लावली आणि हात जोडले. मी थट्टा करत नव्हतो. मी इतका गंभीर होतो, की आज आठवले तरी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटतो.

कॉलेजची पोरे जमली. त्यांचा पुढारी पिंटू तोमर, अंगाने रुंद, आमच्याच कंपूतला. त्याने माळ पाहिली, कुंकू पाहिले.

"भैया, इसमें भी नवमी लगती है क्या?"

"दुकान में लगती है, तो इसमें भी लगेगी."

"चेनसॉ को भी टीका?"

"सबको."

"तो आज मारेंगे किससे?"

"हाथ से."

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. "मतलब आज अहिंसा है," कोणीतरी मागून म्हणाले.

"अहिंसा नहीं है," मी म्हटले. "सामान पूजा में है, बस."

स्पर्धा अशी: एका बदनाम गल्लीत नायकाला उतरवायचे आणि नुसत्या मुठींवर जो जास्त वेळ तगेल तो जिंकला. पहिल्या तासातच माडीवरचा हवापालट लक्षात आला. हत्यार असताना पोरे एकमेकांच्या पडद्याकडे पाहत नसत. आता एक खेळे आणि बाकीचे त्याच्या खुर्चीमागे दाटी करत. मुठीने मारताना नायकाला समोरच्याच्या जवळ जावे लागे, मारही खावा लागे. पिंटूचा डाव रंगात आला असताना जिन्यावर पावले वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत.

आबा होते. डाव्या हातात कडाकण्यांचा डबा होता. "आईनं पाठवल्या," ते म्हणाले. "सगळ्यांना दे." पोरे उठली, कोणी खुर्ची पुढे केली, कोणी पाया पडले. आबांचे लक्ष मधल्या मॉनिटरकडे गेले. ते जवळ गेले, चष्मा वर करून पाहत राहिले.

"हे कोणाचं?"

"कोणाचंच नाही. जो उचलेल त्याचं."

"आणि ज्यानं खाली ठेवलं त्याचं?"

आबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते पिंटूच्या मागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर पिंटूच्या नायकाने एकाला लोळवले होते आणि तो आता त्या पडलेल्यालाच लाथा घालत होता. या खेळात तसेच करतात. पडलेला माणूस म्हणजे पुरे करायचे उरलेले काम.

"गिरे हुए को मारते हो?" आबांनी विचारले. आवाजात राग नव्हता, मैदानावरची सवय होती.

"अंकल, नहीं मारेंगे तो उठ के मारेगा."

"तो उठने दो."

"फिर?"

"फिर लड़ो. वरना पता कैसे चलेगा कि हारा था या सिर्फ़ गिर गया था?"

पिंटूने कळीवरचे बोट उचलले. सगळे वाकून पाहू लागले. पडलेला माणूस हळूहळू उठला, कपडे झटकल्यासारखे केले आणि धूम पळाला. माडी हास्याने भरून गेली. आबाही हसले, त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहत होतो. दुसऱ्या खेपेला पडलेला एक धिप्पाड इसम उठून खरोखरच लढला आणि त्याने पिंटूला इस्पितळात पाठवले. पण त्या हरण्यावर जो जल्लोष झाला तसा कोणाच्या जिंकण्यावर झाला नव्हता. तिथून पुढे कोणी न सांगताच नियम बदलला. पडलेल्याला हात नाही, पाठीवर वार नाही. खेळाने असे खेळायला कधी मनाई केलेली नव्हती. आम्हीच कधी विचारले नव्हते.

"हाथ नहीं दुखता इसका?" आबांनी पडद्यातल्या माणसाकडे बोट दाखवून विचारले.

"नहीं अंकल. इसका कुछ नहीं दुखता."

"अच्छा है," आबा म्हणाले.

परवा माझी मुलगी रेवा, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात, याच मालिकेचा अलीकडचा भाग खेळत होती. हत्यारांची यादी आता एवढी लांबली आहे, की नुसती पाहता पाहता चहा निवतो. तिला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, आपल्याला तर सुरुवातीलाच मुट्ठीच मिळते, बाकी सब बाद में." मग तिने पडलेल्या एकाला उठू दिले. माझ्यासाठी केले, की तिलाच पाहायचे होते, हे मी विचारले नाही.

त्या नवमीला दुपार कलताना लाईट गेली. बाकीचे मॉनिटर एका झटक्यात काळे झाले. मधला यूपीएसवर होता, तो टूंटूं करत जिवंत राहिला. पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, आणि माझे हत्यार तर एका जुन्या बॅटरीच्या दमावर टिकून होते. पिंटूला न सांगता कळले. "भैया, चिंता मत करो," म्हणत तो खाली धावला आणि शेजारच्या बँडवाल्याकडून गाडीची बॅटरी उचलून आणली. ती कोणत्या तारेने कशाला जोडायची हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. कोणी जनरेटरवाल्याच्या शोधात गेले. टूंटूंचा आवाज दाट होत गेला, मग सलग झाला, मग थांबला.

काळ्या काचेवर झेंडूची माळ तशीच होती. कुंकवाची बोटेही होती, पण आता ती कशावरच नव्हती. त्या काचेत आम्ही सगळे दिसत होतो, हातात बॅटरी घेतलेला पिंटू, त्याच्या मागे दाटलेली डोकी, आणि मी. पोरांना हसू आले असते तर मी समजू शकलो असतो. ते हसले नाहीत, याचे ऋण मी अजून मानतो.

आबांनी डबा बंद केला. "चल घरी," ते म्हणाले. "पाटावर तुझी जागा ठेवली आहे."

घरीही लाईट नव्हती. समईच्या उजेडात पट्टा चमकत होता, आणि पुढच्या रांगेत विळी आणि कात्री यांच्यामध्ये खरोखरच वीतभर जागा होती. लाठी कोपऱ्यात उभी होती. मला ती उचलून ठेवता आली असती, कोणी अडवले नसते. मी पाय धुतले, पाटासमोर बसलो आणि उजवी मूठ त्या जागेत टेकवली. शरमेने मान खाली गेली नाही, याचे मलाच नवल वाटले. जी वस्तू उधारीची नव्हती, विजेवर नव्हती, जी मला सोडून जाऊ शकत नव्हती, तेवढीच मी ठेवली होती. आईने एकदा माझ्याकडे पाहिले आणि कुंकू लावले.

मग आबा माझ्या शेजारी बसले. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात कोपराजवळ धरला, उचलला आणि पाटावर आणून ठेवला, एखादी जड वस्तू ठेवावी तसा. बोटे हळूहळू मिटली. माझ्या मुठीला त्यांची मूठ टेकली.

"आबा, तुमचा तर पट्टा आहे," ताई म्हणाली.

"पट्टा घराचा. खांदा होळीपासून वर जात नाही." ते आईकडे पाहत म्हणाले, "हिला माहीत आहे."

आईने पंचपाळ्यातले कुंकू त्यांच्याही मुठीला लावले. मला जिन्यावरची ती थांबत थांबत येणारी पावले आठवली, डाव्या हातातला डबा आठवला. पडद्यातल्या माणसाचा हात दुखतो का, हे त्यांनी का विचारले तेही उमगले. होळीपासून ते मैदानावर केवळ तोंडाने पट्टा शिकवत होते, आणि मी त्यांच्या एका शब्दाची खोली मोजत बसलो होतो.

इतक्यात शेजारच्या काकू दर्शनाला आल्या. समईपुढे दोन बाप्ये माणसे मुठी टेकवून बसलेली पाहून त्या दारातच थबकल्या. "अगं बाई, हे काय? लहान मुलांसारखे?"

"काही नाही," आबा म्हणाले. "दोघंही आत्ताच कामावरून आलो."

काकूंना त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांनी हळदकुंकू वाहिले, कडाकणी घेतली आणि गेल्या. मी हललो नाही. मला भीती वाटत होती की हललो तर तो कामाचा शब्द सांडेल.

जेवायची वेळ झाली तेव्हा आईने एकाच ताटात वरण-भात कालवला, वर तूप घातले आणि आम्हां दोघांच्या मध्ये बसली. पूजेतल्या मुठी, उद्या शमी वाहीपर्यंत त्यांना काही उचलायची परवानगी नव्हती. ताई भिंतीला टेकून हसू दाबत होती. "दोन्ही बाळांना नीट भरव," ती म्हणाली. "सांडू देऊ नकोस."

आईने पहिला घास आबांसमोर धरला. आबांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग तोंड उघडले.